बडीशेपेची बशी



मी कीर्तनकार नाही आणि प्रवचनकारही नाही. जळकोटला हमरस्त्याच्या कडेला माझं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं, ते आता मुलगा चालवतो. आमच्या गावच्या लहानशा दिंडीचा हिशेब माझ्याकडे असतो. तेव्हा हे लिहिणं गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं आहे, ते तसंच वाचावं. विषयही गल्ल्यावरचाच आहे. काम करणाऱ्याला ठरलेल्या पैशांवर आपण जे चार पैसे देतो, ज्याला कोणी बक्षिसी म्हणतं, कोणी खुशी, कोणी चहापाणी, ते कसे द्यावेत? तुम्ही म्हणाल, यात परमार्थ कुठला आला? मलाही तसंच वाटायचं.

आषाढीला आमची दिंडी चालत जाते. नळदुर्ग, सोलापूर करत पंढरपूर. कार्तिकीला मात्र ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना घेऊन आम्ही टेम्पो करतो. काही वर्षांपूर्वीच्या एका कार्तिकीला माझी आई त्या टेम्पोत होती. गुडघे गेलेले, पण हट्ट एकच, विष्णुपदाला जायचं आणि होडीतूनच जायचं. महाद्वार घाटावर एक होडीवाला ठरवला. माणशी पन्नास, चौघांचे दोनशे. मी घासाघीस करून साठाचे पन्नास केले होते, हेही सांगून टाकतो.

होडीवाला चाळिशीचा असेल. पुंडलिकरायाचं देऊळ महापुरात कसं बुडतं, पाणी कुठवर चढतं, हे तो आईला वल्हवता वल्हवता सांगत होता. भक्त पुंडलिकाच्या मंदिराची सेवा परंपरेनं महादेव कोळी समाजाकडे आहे, हे पंढरीला जाणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. आपण देवाच्या दर्शनाला जातो तेव्हा नदीतली ही माणसं आपल्याआधी तिथे असतात. विष्णुपदाला उतरताना आणि परत येताना काठाला गुडघाभर चिखल होता. आईचा पाय त्यात रुतला असता तर निघाला नसता. मी चपला हातात धरून उभाच होतो. तो माणूस काही न बोलता खाली उतरला आणि त्यानं आईला दोन्ही हातांवर उचलून कोरड्या पायरीवर नेऊन बसवलं. दोन्ही वेळा.

मी दोनशे रुपये मोजून दिले. त्यानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि हसून म्हणाला, "माउली, खुशीनं काय तरी द्या की."

मी काय म्हणालो असेन? "ठरले तेवढे दिले. विठ्ठलाच्या दारात बसून लोभ बरा नव्हे." वर दोन-चार संतांची नावंही घेतली. तो "बरं माउली" म्हणून होडीकडे वळला.

त्याच दुपारी मी एका मठात अन्नदानाची एक हजार एक रुपयांची पावती फाडली आणि माझं नाव स्पीकरवर वाचतात की नाही हे ऐकत थांबलो. वाचलं. गावाचं नाव चुकीचं वाचलं, म्हणून पुन्हा वाचायला लावलं.

आई दिवसभर काही बोलली नाही. रात्री टेम्पोत, मोहोळच्या पुढे, म्हणाली, "त्यानं मला लेकरागत उचललं रं. आन् तू त्याला ग्यान सांगितलंस." तेवढंच. त्या फाल्गुनात ती गेली. पंढरीची तिची ती शेवटची खेप.

माउली, हे मला लागलं त्याचं कारण नुसतं आईचं बोलणं नव्हतं. हॉटेलवाल्याला खुशीचा व्यवहार जितका ठाऊक असतो तितका कोणाला नसतो. पुण्याहून सोलापूरवरून हैदराबादला जाणारा हा रस्ता आधी ९ नंबरचा होता, आता ६५ नंबरचा आहे. त्यावरून जाणारं गिऱ्हाईक बिल चुकतं करताना बडीशेपेच्या बशीत पाच-दहा रुपये ठेवून जायचं. ते आम्ही एका डब्यात टाकायचो आणि रात्री पोरांत वाटायचो. पगार ठरवताना मी पोरांना काय म्हणायचो? "वरचे मिळतात की!" म्हणजे गिऱ्हाईक पोराला देत होतं आणि मी त्याच्या पगारातून तेवढे वाचवत होतो. ग्लास फुटला तर त्याचे पैसेही मी त्याच डब्यातून कापून घेत असे. गिऱ्हाइकानं खूश होऊन दिलेले पैसे माझ्या ग्लासाची भरपाई करत होते. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडे हॉटेलात बिलावर पंधरा-वीस टक्के द्यावेच लागतात, नाही दिले तर माणूस तोंडावर विचारतो. एकदा कंपनीतल्या मंडळींबरोबर तो मासे धरायला गेला होता (आपल्या माळकऱ्यांचा हा विषय नव्हे, पण ऐका). होडी नेणाऱ्या वाटाड्याला त्यांनी भाड्याच्या वीस टक्के वर दिले. मासा एकही गळाला लागला नव्हता तरी दिले, कारण मासा लागणं त्याच्या हातात नव्हतं, पहाटेपासून राबणं होतं. मला ही गोष्ट पटली. पण त्याच भाच्यानं पुढचंही सांगितलं. तिकडच्या केंद्र सरकारच्या कायद्यात अशा टिपा मिळणाऱ्या नोकराला मालकानं रोख द्यायचं किमान वेतन तासाला दोन डॉलर तेरा सेंट आहे, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. बाकीचं गिऱ्हाइकाच्या खुशीवर. काही राज्यांनी आपापल्या हद्दीत तो वाढवला आहे, पण मूळ कायदा तोच. मी मनात म्हटलं, म्हणजे माझा बडीशेपेचा डबा तिकडे कायद्यातच बसवलेला आहे.

आमच्या आजोबांच्या वेळी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. तेव्हा आमचा भाग निजामाकडे होता. सुगीला खळ्यावर सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, पाणी भरणारा कोळी, सगळे येत. आजोबा पायलीनं मापून धान्य घालत. वडील सांगायचे, आजोबा कधी "देतो" म्हणाले नाहीत, "तुझं घेऊन जा" म्हणायचे. बलुतं हा हक्क होता, उपकार नव्हे, हे मला आवडतं. पण त्याच खळ्यावर काही माणसांना लांब उभं राहावं लागे आणि त्यांच्या पदरात वरून धान्य टाकलं जाई, हेही वडिलांनीच सांगितलं. तेव्हा जुनं ते सगळं सोनं म्हणायला मी तयार नाही. आजोबांचा शब्द तेवढा घ्यावा.

आपल्या संप्रदायात आणखी एक घोटाळा होतो. कीर्तनकारानं कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, असं तुकोबांनी निक्षून सांगितलं. सेवा निष्काम असावी, हे आपण रोज ऐकतो. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेकऱ्याच्या हातावर पैसे ठेवायला गेलात तर तो हात जोडून नको म्हणतो, आणि ते पाहून आपलं मन भरून येतं. पण तो तिथे सेवेला आलेला असतो, त्याचं पोट दुसरीकडे भरलेलं असतं. होडीवाल्याचं, ट्रकच्या क्लीनरचं, तंबू ठोकणाऱ्याचं पोट त्याच कामावर आहे. आपली निष्कामता आपण त्यांच्याकडून वसूल करायची नसते. जनाबाई नामदेवरायांच्या घरी दासी होत्या. त्यांच्या जात्याला विठोबानं हात लावला, हे आपण डोळे पुसत ऐकतो. त्या दासीला महिन्याकाठी काय मिळत होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. मीही ते फार उशिरा विचारलं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. दर्शनबारीत मध्येच घुसवण्यासाठी कोणाच्या हातावर नोट ठेवली तर ती खुशी नव्हे, लाच. काम झाल्यावर दिलेले पैसे आणि दुसऱ्याचा नंबर मारण्यासाठी आधी दिलेले पैसे यात फरक आहे, आणि तो देणाऱ्याला बरोबर कळतो. मंदिरात दक्षिणेवरून पूर्वी किती कुरबुरी होत, हे जुन्या वारकऱ्यांना आठवत असेल. १९७३ चा कायदा आणि त्यावर २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, इतकं सगळं व्हावं लागलं तेव्हा बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपले. मागून घेतलेल्या पैशाची कटुता फार दिवस टिकते.

पुढच्या कार्तिकीला मी त्या होडीवाल्याला शोधायला गेलो. तीन-चार जणांना विचारावं लागलं. नाव मला माहीत नव्हतं. आईला दोनदा उचलणाऱ्या माणसाला मी नावही विचारलं नव्हतं. तो घाटावर होडी पालथी घालून डांबर लावत बसला होता, भोवती त्याचे चार सोबती. मी खिशातून पाचशेची नोट काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गेल्या वर्षीची तुमची खुशी राहिली होती, घ्या."

त्यानं मला ओळखलं नाही. मग मी सगळं सांगितलं. चिखल, आई, विष्णुपद. त्याला म्हातारी आठवली, मी नाही. "बऱ्या हायत का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "गेली."

त्यानं डांबराचे हात चिंधीला पुसले. नोट अजून माझ्या हातातच होती. तो म्हणाला, "मग हे पैसे कुणाचे? त्यांना उचलायचे व्हय? त्याचं माझं काय राहिलं न्हाई माउली." बाकीचे चौघे माझ्याकडे बघत होते. मला नोट खिशात घालता येईना आणि धरूनही उभं राहता येईना. शेवटी तोच म्हणाला, "ही वाळायला टाकलीय. भावाची होडी हाय, बसायचं असलं तर बसा."

मी बसलो. एकटाच विष्णुपदाला जाऊन आलो. नाव विचारलं, पोरं किती ते विचारलं. त्यानंही आईचं विचारलं, काय झालं होतं, किती दिवस अंथरुणाला होती. परत आल्यावर त्यानं सांगितलं तेवढं भाडं दिलं, घासाघीस केली नाही. भाड्याच्या नोटांखाली आणखी काही घडी करून ठेवलं आणि म्हणालो, "आज फार निवांत नेलंत." त्यानं न मोजता मूठ कपाळाला लावली आणि खिशात घातली. किती होते ते त्यानं पाहिलं नाही, तेव्हा मीही इथे लिहीत नाही.

त्यानंतर दिंडीच्या वहीत मी एक नवं सदर उघडलं. आधी आमच्याकडे शेवटच्या दिवशी ट्रकच्या ड्रायव्हरला शाल आणि नारळ देण्याची पद्धत होती. किती दिंड्यांचे नारळ त्याच्या घरी साठले असतील कोण जाणे. आता भिशीबरोबरच माणशी थोडी रक्कम आधी बाजूला काढतो. ड्रायव्हर, क्लीनर, टँकरवाला, आचारी, त्याच्या हाताखाली भांडी घासणाऱ्या बाया, सगळ्यांना त्यातून जातं. आचाऱ्याकडे एकरकमी दिले तर बायांपर्यंत किती पोचतात याची खात्री नसते, म्हणून ज्याचे त्याच्या हातात द्यायचे, एकेकाला बाजूला बोलावून. फोटो काढायचा नाही, हे मी दोनदा भांडून ठरवून घेतलं. आदल्या दिवशी बँकेतून दहा-वीस-पन्नासच्या नोटा आणून ठेवायच्या, कारण "सुट्टे नाहीत" हे आपलं सगळ्यात जुनं निमित्त आहे. हॉटेलात काउंटरवरच्या क्यूआर कोडवर वरचे पैसे टाकलेत तर ते मालकाच्या खात्यात जातात. पोराला द्यायचे तर पोराच्या हातावर ठेवा, हे एका मालकाकडूनच ऐका. उरलेला प्रसाद किंवा जुनं धोतर देऊन खुशी दिली असं समजू नका. आणि भाडं पाडून घेऊन मग तेच पैसे खुशी म्हणून परत देऊ नका. ते मी केलेलं आहे.

किती द्यावं? दहाव्या हिश्श्याच्या खाली मी जात नाही. कोणी अंगमेहनतीनं आपल्या माणसाला सांभाळलं तर हिशेब सोडतो.

एक अडचण मात्र आमची सुटलेली नाही. वारीत आपली घाण उचलणारी माणसं पहाटे आपण उठायच्या आत येऊन जातात. हातानं मैला उचलायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्यांना हातमोजे, गमबूट, पूर्ण मजुरी देणं हे काम देणाऱ्याचं कर्तव्य आहे. तिथे आपली वीसची नोट त्याची जागा घेऊ शकत नाही. तरीही गेल्या आषाढीला आमच्यातल्या दोन बाया पहाटे तीनला उठून चहाची किटली घेऊन त्यांच्या वाटेवर थांबल्या. पहिल्या दिवशी कोणी थांबलंच नाही. आपल्यालाच चहा आहे हे त्यांना खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई थांबली, पण तिनं कप हातात घेतला नाही, ओंजळ पुढे केली. आमच्या बायांनी कपच धरून ठेवला. बराच वेळ दोघी तशाच उभ्या होत्या, असं त्या सांगतात. चहा निवला, तेव्हा दुसरा ओतला आणि मग तिनं कप घेतला.

यंदा वहीत त्या चहासाठी साखर दोन किलो जास्त धरली आहे.