शनीची राखण

शनी म्हटलं, की आपला हात आधी तेलाच्या वाटीकडे जातो. मैत्रिणींनो, माझाही जायचा. साडेसातीपायी माझी दोन चांगली स्थळं हातची गेली नि लग्न तीन वर्षं लांबलं. त्याच शनीचे फोटो काढायचा मला आता नाद लागलाय, हे ऐकून माहेरची माणसं अजून हसतात.

दुर्बीण मुलाची, आठ इंची आरशाची. तो नोकरीसाठी परगावी गेला आणि ती माळ्यावर धूळ खात पडली. ‘विकून टाकू’, असं यांचं म्हणणं. म्हटलं, ‘अहो, आधी मला बघू तर द्या!’ मुलानं फोनवरून धडे दिले आणि मी शिकले.

कृती सांगते. दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवायची. आरसा गरम असला, की चित्र उकळत्या पाण्यासारखं थरथरतं. दिवसभर तापलेली गच्चीही तोच त्रास देते, म्हणून मी मागचं आवरून, दूध विरजून, दहानंतरच वर जाते. एका फोटोनं काही साधत नाही. डोळा लावायच्या भिंगाच्या जागी छोटा कॅमेरा बसवून तीन-चार मिनिटांची फिल्म घ्यायची. तिच्यात हजारो चित्रं असतात. ती कॉम्प्युटरवर तांदळासारखी निवडायची. हललेली टाकून द्यायची, स्थिर तेवढी एकावर एक रचायची. मग कुठे शनीच्या अंगावरचे पट्टे उमटतात. फार रेंगाळून चालत नाही, कारण शनी साडेदहा तासांतच स्वतःभोवती गिरकी घेतो. आणि हो, पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावीत.

एवढा खटाटोप कशाला? तर मला शनीवरचं वादळ टिपायचंय. 1876, 1903, 1933, 1960, 1990 आणि 2010 साली तिथे प्रचंड पांढरी वादळं उठली. सूर्याभोवतीच्या एका फेरीला शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणून तर एका राशीत अडीच वर्षं आणि तीन राशींची साडेसाती! ही वादळंही साधारण फेरीला एक अशी येतात. सायीखाली दूध तापत राहावं आणि एकदम उतू जावं, तशी खोलवरची ऊब नि वाफ उसळून वर येते, असं शास्त्रज्ञ सांगतात. 2010 चं वादळ मात्र वीसच वर्षांत आलं, आणि दोनेक महिन्यांत त्याच्या शेपटीनं अख्ख्या ग्रहाला वेढा घातला.

मला मौज वाटते ती ही वादळं पाहणाऱ्यांची. 1933 चं वादळ 3 ऑगस्टला लंडनमध्ये आपल्या घरून पाहिलं ते विल हे या सिनेमातल्या विनोदी नटानं. (आडनावच ‘हे’, त्यामुळे आमच्या ‘ह्यां’ना तो फार आवडतो!) 1990 चंही एका हौशी माणसालाच आधी दिसलं. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल गावी ट्रेव्हर बॅरी नावाचे गृहस्थ आहेत, पूर्वी खाणीत कामाला होते. कॅसिनी यान शनीभोवती फिरत होतं, त्याला विजांचा कडकडाट रेडिओवर ऐकू यायचा, पण वादळ नेमकं कुठे आहे ते बॅरींसारख्यांच्या फोटोंवरून कळायचं. 2017 च्या सप्टेंबरात ते यान संपलं. तेव्हापासून रात्रंदिवसाची राखण बरीचशी आपल्यासारख्यांकडेच आली आहे.

सासूबाई आधी चिडायच्या. ‘त्याच्या नजरेला नजर देऊ नये गं!’ एकदा त्यांना स्टुलावर बसवून दाखवला. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘अगंबाई, केवढासा गं हा! नि याला आम्ही जन्मभर भ्यालो?’ गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीला पाहायला आलेल्यांनी साडेसातीचं काढलं, तेव्हा आम्ही सगळे गप्प. सासूबाईच बोलल्या, ‘शनी आमच्या गच्चीवर रोज येतो. त्यानं कुणाचं वाकडं केलेलं नाही. मुलगी आवडली असेल तर सांगा, नसेल तर तसं सांगा.’ ते स्थळ जमलं नाही. पण पोरगी त्या दिवसापासून ताठ मानेनं वावरते.

मला अजून वादळ सापडलेलं नाही. 2025 च्या नोव्हेंबरात कडी इतकी आडवी झाली होती, की फोटोत नुसती सुई दिसली. वहीत तारीख, वेळ आणि पुढे ‘काही नाही’, एवढंच लिहिते. हे विचारतात, ‘काही नाही तर लिहायचं कशाला?’ अहो, उद्या वादळ उठलंच, तर काल ते नव्हतं हे कुणीतरी सांगायला हवं ना? दूध उतू गेलेलं सगळ्यांनाच दिसतं. त्याआधी ओट्याशी कोण उभं होतं, ते आपल्यालाच ठाऊक असतं.