हक्काचं पाणी

उपवासाबद्दल एकमेकांशी न पटणारी मतं एकाच ठिकाणी पाहायची असतील, तर अहिल्यानगर जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी उपोषण सरकारला जाब विचारण्यासाठी वापरलं. नगर शहरात आचार्य आनंदऋषींना मानणारे जैन साधक तपाने कर्मांची निर्जरा होते, म्हणजे ती झडतात, या श्रद्धेने एका दिवसाचा उपवास आठ दिवसांवर आणि कधी महिन्यावर नेतात. शिर्डीत याच्या अगदी उलट. तिथे पडक्या मशिदीत राहणाऱ्या साईबाबांनी स्वतः उपास धरले नाहीत आणि दुसऱ्यांनाही धरू दिले नाहीत, असं दाभोलकरांचं ‘श्रीसाईसच्चरित’ सांगतं. या तिघांच्या शेजारी, नगरच्या झेंडीगेट-मुकुंदनगरपासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत, वर्षातून एक महिना रोजे चालतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोजा या तिघांपैकीच कशाचा तरी भाऊबंद वाटतो. कोणी त्याला कडक तप समजतो, कोणी व्रत, तर कोणाला ती निष्कारण उपासमार वाटते. माझं म्हणणं असं, की रोजाचा मुख्य विषय भूक नाहीच. जे आपल्या हक्काचं आहे, त्यावरचा हात, कोणी बघत नसताना, केवळ दिलेल्या शब्दाखातर मागे घेता येतो का, हा त्याचा विषय आहे. भूक लागते, पण ती वाटेत लागते.

रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले ते हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ च्या सुमारास. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात १८३ ते १८७ या आयतींमध्ये त्यांचे नियम आहेत, आणि रोजे कशासाठी याचं उत्तर तिथेच पहिल्या आयतीत दिलं आहे: तकवा यावा म्हणून, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून जपून वागणं अंगी मुरावं म्हणून. आता मनाई कशाकशाची आहे ते पाहा. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी आणि पती-पत्नीचा संग. तिन्ही गोष्टी एरवी पूर्ण हलाल, म्हणजे धर्मसंमत. चोरी, लबाडी, व्याजबट्टा, दारू यांना बाराही महिने बंदी आहे, त्यासाठी वेगळा महिना लागत नाही. रमजान वेगळा आहे तो यासाठी, की त्यात हलाललाच काही तास हात लावायचा नसतो. भाकरी आपल्या कष्टाची, माठ आपल्या घरातला, तहान खरी, आणि तरी थांबायचं. यातली गोम वुजू करताना कळते. नमाजाआधी हात-पाय-तोंड धुताना रोजेदार पाणी तोंडात घेतो, खुळखुळवतो आणि थुंकून टाकतो. नगरचा पारा चाळिशीला टेकलेला असताना दुपारच्या जोहरला आणि पुन्हा असरला गार पाणी जिभेवर येऊन परत जातं. एक घोट खाली उतरला तर शेजारी वुजू करणाऱ्यालाही कळणार नाही. रोजाची सगळी इमारत त्या एका न गिळलेल्या घोटावर उभी आहे.

भूक हे साध्य असतं तर नियम उलटे असते. भूक वाढवणाऱ्याचं कौतुक झालं असतं, पण शरियत पावलोपावली भुकेला आवर घालते. सहेरी, म्हणजे पहाटेआधीचं जेवण, चुकवू नये, आणि ती शक्य तितकी उशिरा करावी. सूर्य मावळला की इफ्तारला विलंब लावू नये. रात्री काहीही न खाता एका रोजाला दुसरा जोडण्याची पैगंबरांनी लोकांना मनाई केली. ईदच्या दिवशी रोजा धरणं तर निषिद्धच. विसरून कोणी जेवला, तर हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांनुसार, त्याचा रोजा मोडत नाही. पोट भरलं तरी रोजा शाबूत राहतो, कारण निग्रह मोडलेला नसतो. उलट जो खोटं बोलणं आणि खोट्याप्रमाणे वागणं सोडत नाही, त्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशा आशयाची हदीस आहे. पोट रिकामं, पण रोजा पोकळ. नगरच्या इतिहासाचीही इथे साक्ष काढता येते. सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर यांच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. रोजा सोडण्याची वेळ या दोन पंथांत थोडी निराळी आहे: सुन्नी सूर्य बुडताच रोजा सोडतात, शिया पूर्वेकडची लाली विरेपर्यंत काही मिनिटं थांबतात. ही जास्तीची मिनिटं सोसण्यासाठी नसतात. रात्र नेमकी कधी सुरू झाली, यावरच्या मतभेदातून ती येतात. वाद सीमारेषेचा आहे, आणि सीमा पाळणं हा दोघांचाही रोजा.

रोजाच्या बाजूने नेहमी दिली जाणारी दोन कारणं मात्र मला लंगडी वाटतात. पहिलं, श्रीमंताला गरिबाची भूक कळावी. ती कळते, आणि चांगलंच आहे. पण हाच हेतू असता तर गरिबाला रोजातून सूट मिळायला हवी होती. जकात, म्हणजे बंधनकारक दान, ऐपत असलेल्यावर आहे, हजही ऐपत असलेल्यावर, पण रोजा तसा नाही. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात, जिथे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, तिथल्या हमालाला आणि मोलकरणीला भूक म्हणजे काय हे शिकवण्यासाठी महिनाभर रोजे सांगणं ही थट्टाच ठरली असती. त्यांच्यावरही रोजा आहे, याचा अर्थ त्याचा धडा वेगळा आहे: ज्याच्याकडे थोडंच आहे, त्यालाही त्या थोडक्यावर मालकी असते, आणि ती स्वेच्छेने बाजूला ठेवण्याची ताकदही. दुसरं कारण तब्येतीचं. हल्ली ठरावीक तास न खाण्याची लाट आली आहे आणि तिच्या आधाराने रोजाचं समर्थन करायची हौसही. पण रोजा हे औषध असतं तर ते आजाऱ्याला आधी दिलं गेलं असतं. इथे तर सर्वांत आधी सूट आजाऱ्याला आणि प्रवाशाला आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही मुभा आहे. शरीराला लाभ झाला तर तो वरकड समजावा.

उपोषणाशी तुलना केली की हा फरक आणखी स्वच्छ होतो. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णांनी लोकपालासाठी उपोषण केलं. १६ तारखेला सुरू झालं, रामलीला मैदानावर रंगलं आणि २८ ला सुटलं. ते सगळे दिवस रमजानचे होते, ईद ३१ ऑगस्टला झाली. एकाच वेळी देशात दोन प्रकारचे उपवास चालू होते. एकाच्या वजनाचे आणि रक्तदाबाचे आकडे रोज दूरचित्रवाणीवर येत होते, आणि ते तसं असणं योग्यच होतं. ज्याच्याकडून काही मागायचं, त्याला दिसल्याशिवाय उपोषणाला अर्थ नाही. रोजेदाराची मागणी कोणाकडे नसते. तो कोणावर दडपण आणत नाही, आणि ठरल्या वेळी सुटायचंच असल्यामुळे वाटाघाटीलाही जागा नाही. नमाज दिसते, हज दिसतं, जकात घेणाऱ्याला कळते. रोजा मात्र न करण्याचा आहे, आणि जे केलंच नाही ते दाखवणार कसं?

यावर कोणी म्हणेल, की हे पुस्तकात ठीक, मोहल्ल्यात रोजाइतकं उघड काही नसतं. दिवसा हॉटेलांवर पडदे लागतात, पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्यांचे फलक झळकतात, सहा-सात वर्षांच्या मुलाने पहिला रोजा धरला की हार घातलेला फोटो वर्तमानपत्रात येतो. आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाण्याऐवजी समाजाच्या चुकीवर बोट ठेवतो. वयात येईपर्यंत मुलावर रोजा फर्जच नाही. त्याची हौस समजते, पण जाहिरात करून आपण त्याला रोजाऐवजी टाळ्या शिकवतो. त्याहून वाईट अवस्था बायकांची. मासिक पाळीत रोजा धरायचा नसतो, सुटलेले रोजे पुढे भरून काढायचे असतात, नियम स्पष्ट आहे. तरी अनेक घरांत तेवढे दिवस मुली पुरुषांदेखत रोजा असल्यासारखं वागतात आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लपून घास घेतात. जो उपवास लपून खाता येत असतानाही न खाण्याचा, त्याच्या नावाखाली खाण्याची मुभा असलेल्या बाईला लपून खावं लागतं. रोजाची याहून मोठी विटंबना माझ्या डोळ्यांपुढे नाही. आणि दुसऱ्याला ‘रोजा आहे का?’ असं रोखून विचारणारा माणूस, ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकण्याचा हक्क फक्त एकालाच आहे तो प्रश्न स्वतःकडे ओढून घेतो.

दुसरा आक्षेप ताटाचा. संध्याकाळी भजी, समोसे, फळांचे ढीग, रात्री बिर्याणी, आणि किराण्याचं बिल इतर महिन्यांहून फुगलेलं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण हिंदूंनी स्वतःला हसण्यासाठी केली असेल, पण ती रमजानलाही चपखल बसते. मुसलमान विचारवंतांना हे दिसलं नव्हतं असं नाही. ११११ साली वारलेल्या इमाम गझालींनी रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: पोटाचा आणि वासनेचा, डोळे-कान-जीभ-हात-पाय यांचा, आणि सर्वांत वरचा मनाचा. दिवसाचं जेवण रात्रीच्या जेवणावर चढवून खाणाऱ्याच्या रोजातून काय साधणार, असंही त्यांनी खडसावून विचारलं. आपल्याच जिल्ह्यातले श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’चे कर्ते, मुसलमान घरात जन्मून मराठी संतपरंपरेत मिसळले, आणि पोकळ कर्मकांडावर त्यांनीही कोरडे ओढले. दोघांचे मार्ग निराळे असले, तरी बाह्य आचाराने आतलं काम आपोआप होत नाही, यावर त्यांचं एकमत होतं.

सर्वांत अवघड आक्षेप शिर्डीचा आहे, कारण तो मशिदीतूनच येतो. ‘साईसच्चरिता’च्या बत्तिसाव्या अध्यायात गोखलेबाईंची कथा आहे. तीन दिवस उपाशी राहून बाबांच्या पायाशी बसायचं, असं ठरवून त्या आल्या होत्या. बाबांनी त्यांना दादा केळकरांच्या घरी जाऊन पुरणपोळ्या करायला, सगळ्यांना खाऊ घालायला आणि स्वतःही जेवायला सांगितलं. पोट रिकामं असताना चित्त ठिकाणावर राहत नाही, हा त्या अध्यायाचा विचार. यातला अर्धा भाग रोजाच्या नियमांना मान्यच आहे. ज्याला झेपत नाही त्याने रोजा धरू नये. शिवाय गोखलेबाईंचा उपवास गुरूची कृपा मिळवण्यासाठी होता, म्हणजे त्यात मागणी होती. पण उरलेल्या अर्ध्या भागात वाटा फुटतात, हे मान्य केलं पाहिजे. बाबा म्हणतात, आधी अन्न, मग देव. रोजा म्हणतो, अन्न समोर असतानाच पाहू, तुझा मालक तू आहेस की तुझी सवय. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण माणसं वाईट वागतात ती बहुतेक वेळा उपाशी असतात म्हणून नव्हे. पोट भरलेलं असतं, आणि तरीही हात थांबत नाही.

एका आयुष्याच्या लांबीवर ठेवून पाहिला, की रोजाचा हा हेतू जास्त उलगडतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा सुरू होईल. नगरच्या अक्षांशावर हिवाळ्यातला रोजा सव्वाबारा तासांचा असतो, तर जूनमधला साडेचौदाच्या आसपास जातो. समजा, एक मुलगा १९८५ साली पंधरा वर्षांचा होता. त्या वर्षी रमजान मेच्या उत्तरार्धात लागला. त्याची झुंज सरळ तहानेशी. २००० च्या डिसेंबरात तो तिशीत, दिवस आखूड, तहान मामुली, पण आता आवरायचा असतो राग, आणि जिभेवर आलेला शब्द. २०१८ मध्ये रमजान पुन्हा मेच्या मध्यात. वय अठ्ठेचाळीस, हाताखाली माणसं, आणि प्रश्न असा की आपला रोजा आहे म्हणून त्यांच्यावर तर डाफरत नाही ना. उसाच्या फडात किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्याला हा हिशेब लागू होतो का, असं कोणी विचारेल. त्याचा जीव धोक्यात येत असेल तर रोजा सोडायची मुभा आहे. त्याला उन्हात राबवून स्वतः पंख्याखाली रोजा धरणाऱ्या मुकादमाने मात्र आपला हिशेब पुन्हा तपासावा. २०५१ मध्ये तिसऱ्यांदा मे येईल तेव्हा तो मुलगा ८१ वर्षांचा असेल. बरं होण्याची आशा नसलेल्या दुखण्यात किंवा थकलेल्या म्हातारपणात एका रोजाऐवजी एका गरिबाला जेवू घालायचं, याला फिदिया म्हणतात. डॉक्टरचं न ऐकता हट्टाने रोजा ओढणाऱ्या म्हाताऱ्याचं आपण कौतुक करतो. खरं तर ज्याने साठ वर्षं आज्ञा म्हणून खाणं सोडलं, त्याने आता आज्ञा म्हणून खावं. आणि उपाशी राहण्याच्या बदल्यात कोणाला तरी जेवू घालणं चालतं, याहून मोठा पुरावा भूक हे साध्य नसल्याचा दुसरा कोणता?

मग रोजा साधला की नाही, हे ओळखायचं कसं? महिन्याच्या आत बाहेरच्याला ते कळणार नाही, हे वर आलंच. पण उरलेले अकरा महिने उघडे असतात. तराजूत ते दिसतं, मजुरीच्या वायद्यात दिसतं, आणि वाटणीच्या वेळी तर फारच स्पष्ट दिसतं. बापाच्या मालमत्तेत मुलीचा वाटा कुराणाने ठरवून दिला आहे, तरी इथल्या मुसलमान घरांतही, हिंदू घरांसारखाच, ‘भावाचं दार बंद होईल’ या धाकाने बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ज्याने तीस दिवस स्वतःच्या हक्काच्या पाण्याला हात लावला नाही, त्याने ईदनंतर बहिणीच्या हक्काला हात घातला, तर त्याचे रोजे गेले कुठे, हे विचारायला मुफ्तीची गरज नाही, आणि मुसलमान असण्याचीही नाही.