किल्ली धर्मगुरूच्या हाती

लेखकांनी कथा-कादंबऱ्यांतून उभारलेल्या ग्रंथालयांचे आम्हांस सेमिनरीच्या दिवसांपासून वेड आहे. त्यांना वर्गणी नाही, वाळवी नाही, पुस्तक परत करण्याची मुदतही नाही. आमच्या कल्याण शहरात १८६४ सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याचे ऋण आम्ही मानतोच; परंतु जी ग्रंथालये कोणत्याही गावात नाहीत, त्यांची ओढ काही निराळीच.

अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांनी १९४१ साली एका कथेत असे ग्रंथालय कल्पिले, की तेच जणू अवघे विश्व. षट्कोनी दालनांमागून दालने, प्रत्येक पुस्तक ४१० पानांचे, आणि २५ चिन्हांची जेवढी म्हणून जुळणी संभवते तेवढी सारी पुस्तके तेथे हजर. म्हणजे आमचे येत्या रविवारचे प्रवचनही तेथे कोठेतरी तयार असणार! (ते ४१० पानांचे नसावे, अशी आमच्या धर्मग्रामाची प्रार्थना असेल.) हेच बोर्हेस १९५५ साली आपल्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत वाचण्याचे बळ उरले नव्हते.

इटलीच्या उंबेर्तो एको यांनी आपल्या १९८० सालच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीतील अंध, वृद्ध मठवासीयाला बोर्हेस यांचेच होर्हे हे नाव दिले. काळ १३२७ सालचा, स्थळ डोंगरातील बेनेडिक्टाइन मठ. तेथील ग्रंथालय चक्रव्यूहासारखे. ग्रंथपालावाचून आत कोणी जायचे नाही. ॲरिस्टॉटलचा विनोदावरील ग्रंथ वाचून माणसे हसू लागतील आणि देवाचे भय सोडतील, या धास्तीने होर्हे त्याच्या पानांना विष लावून ठेवतो. अखेरीस ग्रंथालयासह सारा मठ भस्मसात होतो.

मात्र होर्हेचा धिक्कार करणे सोपे आहे. पानांना विष लावणारा धर्मगुरू आम्ही तरी पाहिलेला नाही. आम्हांस अस्वस्थ करतो तो सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’मधील गावचा साधासुधा पाद्री.

ही कादंबरी १६०५ सालची. पुस्तकांनीच धन्याचे डोके फिरवले, अशी घरच्यांची खात्री झालेली. शंभराहून अधिक जाडजूड ग्रंथांची ती खोली उघडताच घर सांभाळणारी बाई पवित्र पाण्याचे भांडे घेऊन धावत येते. निवाडा करायला बसतात पाद्री आणि गावचा न्हावी. हा पाद्री दुष्ट नाही, चांगला रसिक आहे. एखादे पुस्तक आपल्या जातीत उत्तम म्हणून तो वाचवतो. खुद्द सर्वांतेसचे एक पुस्तक निघते, तेव्हा हा माझा जुना स्नेही म्हणून ते न्हाव्याकडे जपून ठेवायला देतो. पण थोड्या वेळाने तो थकतो. उरलेली सरसकट जाळा, म्हणतो. रात्री बाई सगळ्याची राख करते, आणि लेखक जाता जाता सांगून टाकतो, की त्यांत कायमची जपण्याजोगीही काही असतील. तपासणाऱ्याच्या आळसाने ती गेली. पुढे खोलीचे दार भिंत घालून बुजवतात आणि धन्याला सांगतात, की जादूगाराने ती नेली!

वाचकहो, होर्हेच्या द्वेषापेक्षा हा थकवा आमच्या अधिक ओळखीचा आहे. कल्याणात जुन्या चाळी पडतात, नव्या इमारती उठतात, आणि आवराआवरीत निघालेली गाठोडी आमच्या दारी येतात. “फादर, तुम्हीच पाहा, नाहीतर रद्दीत द्या.” प्रार्थनापुस्तके, कव्हर फाटलेली धर्मशिक्षणाची पुस्तके, जुने अंक, कानडी लिपीतले कोंकणी, कोणा आजोबांचे पोर्तुगीज. संध्याकाळची मिस्सा, आजाऱ्यांची भेट, लग्नाचे कागदपत्र एवढे उरकून गाठोडे सोडावे, तो सातव्या-आठव्या पुस्तकाशी डोळे मिटू लागतात.

अशा वेळी आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण करतो. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही १९०७ साली मंगळुरात ते नव्याने छापता आले, ते हस्तलिखित प्रतींच्या आधारे. कोणीतरी दिव्याच्या उजेडात ओव्या उतरून घेतल्या, कोणीतरी त्या वह्या पेटीत ठेवल्या, आणि पुढच्या कोणा थकलेल्या माणसाने त्या टाकल्या नाहीत.

म्हणून छापील पुस्तकांच्या बाबतीत आम्ही थोडे कठोर असलो, तरी हाताने लिहिलेली वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळल्याशिवाय बाजूला ठेवीत नाही. बहुतेक वह्यांत दूधवाल्याचा हिशेबच निघतो. परंतु गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका गाठोड्यात उपवासकाळातील गीतांची एक वही निघाली. शब्द मराठी, लिपी रोमन, शाई तपकिरी झालेली. पहिली आठ-दहा पाने नाहीत. त्यांतील तीन गीते आम्ही कोठेही छापलेली पाहिलेली नाहीत. गाठोडे कोणी आणून ठेवले, हे कचेरीत कोणासच सांगता आले नाही. वही सध्या आमच्या कपाटात आहे. ज्या कुटुंबाची असेल त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर भेटावे. आणि कोणा आजीला त्या चाली ठाऊक असल्यास तिलाही सोबत आणावे.