सेवेची वाटणी

१४ ऑक्टोबर १९५६ ला आमची आई आजोबांच्या खांद्यावर बसून नागपूरला धम्मदीक्षेला गेली होती. आज तीच आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. हे सारे वहिनी एकट्या करीत. आम्ही भाऊ औषधाचे पैसे देऊन मोकळे होत असू.

एके रात्री अंथरूण ओले झाले म्हणून वहिनी आईवर ओरडल्या आणि मग स्वतःच रडत बसल्या. आईने चांगल्या हाताने पदर तोंडावर ओढून घेतला. आम्हाला आमचीच लाज वाटली.

अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह आपल्या हातांनी धुतले, अशी कथा विनयपिटकात आहे. विहारात ती आम्ही कितीदा तरी ऐकली. घरात बेडपॅन मात्र कधी उचलले नाही.

आता रात्री आम्ही भाऊ आळीपाळीने जागतो. पहिल्या रात्री आई फार संकोचली. आम्ही एवढेच म्हणालो, "आई, तू आमचं केलंस ना?"

वहिनी आता रात्रभर झोपतात. दिवसा आईची वेणी घालताना हसतातही.

बंधूंनो, करुणा वंदनेत आपण म्हणायची आणि घरात सुनेने करायची, असे धम्मात कुठेही सांगितलेले नाही.