निसटलेला दगड

श्रावणातील पाऊस मोठा लहरी असतो. घटकेत सर कोसळते, घटकेत ऊन पडते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नांदगावात एके दुपारी अशीच एक सर नुकती ओसरली होती. कौलांवरून पागोळ्या अजून गळत होत्या आणि त्यांच्याखाली, खळ्यातील तांबड्या मातीत, लहान लहान खळग्यांची सरळ ओळ उमटली होती. प्रत्येक थेंब पडे, चिखलाचे चार शिंतोडे उडवी आणि आपला खळगा कणभर अधिक खोल करी. परंतु घरातील बारा वर्षांच्या मुलाचे तिकडे लक्ष नव्हते. पडवीत संगणकासमोर बसून तो एका निराळ्याच टकरीची तयारी करीत होता.

तो संगणक त्याच्या ताईचा. महाविद्यालयातून सुटीवर येताना तिने तो बरोबर आणला होता आणि त्यात अवकाशाचा एक खेळ होता. पडद्यावर सूर्य, पृथ्वी, चंद्र हवे तेथे ठेवावे, त्यांचे वस्तुमान व वेग ठरवावे आणि गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने पुढे काय घडते ते पाहावे, असा तो खेळ. पहिले दोन दिवस मुलाने त्यात नुसता धुमाकूळ घातला. त्याने चंद्र पृथ्वीवर आपटला, मंगळ गुरूमध्ये ढकलला. तिसऱ्या दिवशी या विध्वंसाचा त्यालाच कंटाळा आला आणि मनात एक प्रश्न उभा राहिला : वेग वाढवीतच नेला, तर टक्कर कोठवर भयंकर होईल? शाळेतील विज्ञान-प्रदर्शनही जवळ आले होते. त्याने वही काढली आणि शिस्तीने प्रयोग आरंभले.

दगड तोच ठेवायचा, तो सोडण्याची जागाही तीच ठेवायची, बदलायचा तो केवळ वेग. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने सोडलेल्या दगडाने पृथ्वीवर एक जखम केली. २० च्या वेगाने ती मोठी झाली, ४० च्या वेगाने आणखी मोठी. मग त्याने एकदम ३०० हा आकडा घातला आणि श्वास रोखून पाहू लागला. दगड आला, पृथ्वीपाशी पोहोचला, आणि दुसऱ्याच क्षणी पृथ्वीच्या पलीकडे तसाच धावताना दिसला! पृथ्वीवर साधा ओरखडाही नव्हता. त्याने तीनदा तोच प्रयोग केला. तीनदा तेच घडले. आनंदाने त्याने वहीत ठळक अक्षरांत लिहिले : ‘अतिशय वेगवान दगड पृथ्वीतून आरपार जातो व पृथ्वीस इजा होत नाही.’

पडवीच्या कोपऱ्यात आजोबा आपला पाग दुरुस्त करीत बसले होते. नातवाचा चेहरा पाहून त्यांनी विचारले, “काय रे झिला, काय गावला?”

मुलाने अभिमानाने वही वाचून दाखविली. आजोबांनी हातातील सुई थांबविली. बाहेर पागोळ्यांकडे बोट करून ते म्हणाले, “एखादा थेंब मातीला न लागता खाली गेलेला कधी पाहिलास का?”

“पण आजोबा, तुम्ही पाहा ना! मी तीनदा करून पाहिलं.”

आजोबा हसले. त्यांनी पागाचा एक पदर उजेडात धरला. “हे बघ. या पागाची आस एवढी. हिच्याहून बारीक मासळी पागात शिरली, तर हातात काही येत नाही. म्हणून नदीत मासळीच नव्हती, असं म्हणायचं का? मासळी होती. पाग तिला धरू शकला नाही, इतकंच.”

मुलाला ते पटले नाही. आपला शोध खोटा ठरावा, असे कोणाला वाटते? तो रुसून ताईकडे गेला. ताईने उत्तर दिले नाही. तिने खेळातील एका आकड्याकडे त्याचे लक्ष वेधले. तेथे लिहिले होते : एक पाऊल, एक मिनिट.

“संगणक एकसारखा पाहत नाही,” ती म्हणाली. “तो एक क्षण मांडतो, मग डोळे मिटतो आणि एका मिनिटानंतरचा क्षण मांडतो. मधल्या मिनिटात काय झालं, ते तो पाहतच नाही. आता तूच हिशोब कर.”

मुलगा कागद घेऊन बसला. एका क्षणी दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून २,००० किलोमीटर अलीकडे होता. सेकंदाला ३०० म्हणजे मिनिटाला १८,००० किलोमीटर. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर. दोन हजारांत तो मिळविला की १४,७०० होतात. म्हणजे पुढच्या क्षणी दगड पृथ्वीच्या ३,३०० किलोमीटर पलीकडे! दोन्ही क्षणी तो पृथ्वीबाहेर होता, म्हणून संगणकाच्या लेखी टक्कर झालीच नव्हती. आणि तीनही वेळा दगड एकाच जागेवरून सुटल्यामुळे तीनही वेळा तीच चूक घडली होती. एकच चूक तीनदा केल्याने तिचा पुरावा होत नाही, हे त्याला त्या दिवशी कळले.

त्याने पाऊल एका मिनिटाऐवजी एका सेकंदाचे केले. आता संगणकाला साठपट काम पडू लागले आणि पडद्यावरील पृथ्वी गोगलगायीसारखी सरकू लागली. परंतु या वेळी दगड निसटला नाही. पडद्यावर एवढा लखलखाट झाला, की मुलगा खुर्चीतच मागे सरला. पागाची आस बारीक झाली होती आणि मासळी हाती आली होती!

“आता हे तरी खरं का?” त्याने विचारले. त्याचा विश्वास एकदा डळमळला होता, म्हणून हा प्रश्न आपोआप आला.

ताईला तो प्रश्न फार आवडला. ती म्हणाली, “सूर्याभोवती फिरणारे दगड पृथ्वीवर आदळतात, ते सेकंदाला साधारण ११ ते ७२ किलोमीटर वेगाने. तुझे ३०० त्यात बसत नाहीत. पण खऱ्या टकरीची खूण पाहायची असेल, तर ती आपल्याच महाराष्ट्रात आहे.”

ती खूण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. तेथील काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १,८०० मीटर व्यासाचा आणि सुमारे १५० मीटर खोल असा जवळजवळ वर्तुळाकार खड्डा आहे. हा ज्वालामुखीचा खड्डा असावा, असे अनेकांना वाटे. परंतु तेथील खडकांत शास्त्रज्ञांना मास्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला आणि १९७३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. अशी काच होण्यास लागणारा प्रचंड दाबाचा आघात ज्वालामुखीत होत नाही. तो अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या टकरीत होतो. लोणारची टक्कर कोणी लिहून ठेवली नव्हती. तरी मातीने व दगडाने तिची नोंद जपून ठेवली होती.

एवढ्या शक्तीचे मूळ वेगात असते. वेग दुप्पट झाला, की गतिज ऊर्जा चौपट होते. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलोग्रॅम दगडात टीएनटी या स्फोटकाच्या सुमारे ४८ किलोग्रॅमइतकी ऊर्जा असते. म्हणून असा पाषाण नुसता रुतत नाही, तो स्फोटासारखा फुटतो. आणि तिरपा आला तरी बहुधा गोलच खड्डा पाडतो.

दुसऱ्या दिवशी मुलाने परातीत कोरडी वाळू भरली. काचेची गोटी प्रथम अर्ध्या मीटरवरून सोडली आणि नंतर दोन मीटरवरून. उंची चौपट झाली, की गोटीचा वेग दुप्पट होतो आणि ऊर्जा चौपट. खड्डा मोठा झाला खरा. परंतु त्याची रुंदी चौपट झाली नाही, दुप्पटही झाली नाही. वाळू उडविण्यात आणि दाबण्यात बरीच ऊर्जा खर्ची पडली होती. गोटी तिरपी फेकली, तेव्हा खड्डा लांबट झाला. कारण हातातल्या गोटीचा वेग त्या पाषाणाच्या वेगापुढे काहीच नव्हता. लहान प्रयोगाने मोठ्याचे सारेच सांगता येत नाही, हेही त्याने वहीत लिहून ठेवले.

मोठ्या शास्त्रज्ञांनाही आपले हिशोब असेच प्रत्यक्षाशी ताडून पाहावे लागतात. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेचे डार्ट नावाचे यान डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. पृथ्वीवर येऊ पाहणारा एखादा पाषाण पुढे कधी काळी वळविता येईल का, हे त्यांना तपासायचे होते. डायमॉर्फस आपल्या मोठ्या सोबत्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी घाली. त्यात निदान ७३ सेकंदांचा फरक पडला, तर प्रयोग यशस्वी मानावा, असे ठरले होते. प्रत्यक्षात सुमारे ३२ मिनिटांचा फरक पडला! टकरीने उडालेल्या धुळीने व दगडांनी मागे फेकले जाताना लघुग्रहाला आणखी एक मोठा धक्का दिला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी मुलाच्या तक्त्यावर पहिलेच वाक्य खोडलेले होते. ‘अतिशय वेगवान दगड पृथ्वीतून आरपार जातो,’ यावर तांबडी रेघ मारून, ते चूक कसे ठरले याचा हिशोब त्याने खाली मांडला होता. तक्त्याशेजारी वाळूची परात होती आणि आजोबांच्या जुन्या पागाचा एक तुकडाही. खोडलेले वाक्य तसेच का ठेवले, असे अनेकांनी विचारले. तो म्हणाला, “ते वाक्य काढून टाकलं, तर बाकीचं कसं कळलं हे सांगता येणार नाही.”

त्या संध्याकाळी घरी परतताना पुन्हा सर आली. मुलगा पडवीच्या कठड्यावर बसून पागोळ्यांकडे पाहत राहिला. थेंबामागून थेंब पडत होते. प्रत्येकाची टक्कर होत होती आणि प्रत्येकीची नोंद माती करून ठेवीत होती. त्यांतला एकही निसटत नव्हता.