हरला संघ, गेले गुरुजी!

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर घोड्यावर स्वार झालेली राणी लक्ष्मीबाई उभी राहते. पण खुद्द झाशीकराला विचाराल तर तो किल्ल्यानंतर लगेच टेकडीवरचा पुतळा दाखवील. हातात हॉकीस्टिक घेतलेल्या मेजर ध्यानचंद यांचा! त्यांचा जन्म १९०५ साली अलाहाबादला झाला, पण ते वाढले आणि राहिले झाशीत. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कारही झाले ते ‘झाशी हीरोज’ या त्यांच्या क्लबच्या मैदानावर. याच क्लबने १९३३ मध्ये कलकत्ता कस्टम्ससारख्या मातब्बर संघाला त्याच्याच गावात हरवून बायटन चषक जिंकला होता. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारा अशोककुमारही ध्यानचंद यांचाच मुलगा.

अशा गावात हॉकीवर मत द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. चहाच्या टपरीवर, पानाच्या ठेल्यावर आणि मराठेशाहीच्या काळापासून तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही भारतीय संघ हरला की एकच वाद पेटतो : प्रशिक्षकाला ठेवायचे की काढायचे?

जेवणाच्या ताटावरचा वाद

जानेवारी २०२३ मध्ये हा वाद फार रंगला होता. विश्वचषक स्पर्धा घरच्याच, म्हणजे भुवनेश्वर आणि राउरकेलाच्या मैदानांवर होती. न्यूझीलंडविरुद्ध दोन गोलांची आघाडी असताना भारताने ती गमावली, शूटआउटमध्ये सामना हातचा घालवला आणि उपांत्यपूर्व फेरीही गाठली नाही. यजमान संघ नववा! ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड तेव्हा प्रशिक्षक होते.

अशा वेळी घरातला वाद कसा चालतो, हे कुणालाही सांगता येईल. नातू ताटावरून उठतच म्हणतो, ‘‘आजोबा, आता बस्स झालं. घरच्या मैदानावर हे हाल! पेनल्टी कॉर्नर वाया जातात, आघाडी टिकत नाही. या माणसाला घरी पाठवा.’’

आजोबा वरणभात कालवत शांतपणे विचारतात, ‘‘टोकियोत याच माणसाला डोक्यावर घेऊन तूच नाचला होतास ना रे?’’

आजोबांचा मुद्दा बिनतोड असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ असे धुऊन काढले होते. त्या रात्रीही ‘काढा याला’ म्हणणारे होतेच. पण मध्येच कुणाला काढता येत नव्हते, म्हणून रीड राहिले. अकराच दिवसांनी त्याच संघाने जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आणले.

‘‘ते जुनं झालं,’’ नातू म्हणतो. ‘‘जुन्या पदकावर किती दिवस खायचं?’’ आणि खरे पाहता त्याचेही चुकत नाही. पूर्वीची पुण्याई आज गोल करून देत नाही.

खुर्ची तीच, माणसे पाच

आपल्याकडे मात्र नातवाचेच म्हणणे बहुधा खरे होत आले. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१९ या सव्वाचार वर्षांतच पाहा. आशियाई सुवर्ण मिळवून देणारे टेरी वॉल्श करारावरून बिनसल्याने गेले. त्यांच्यानंतरचे पॉल व्हॅन ॲस काही महिन्यांतच दूर झाले. रोलंट ऑल्टमन्स यांना २०१७ मध्ये काढले. श्योर्ड मरीन्ये आले, आणि २०१८ मध्ये त्यांना पुन्हा महिला संघाकडे पाठवले. मग आले हरेंद्रसिंग. लखनौला २०१६ मध्ये ज्युनियर विश्वचषक जिंकून देणारे हे आपलेच गुरुजी २०१८ चा विश्वचषक उपांत्यपूर्व फेरीत हुकल्यावर महिनाभरात पदावरून गेले.

आता खेळाडूची अवस्था काय होत असेल? एक गुरुजी सांगतात, धावत सुटा. दुसरे म्हणतात, चेंडू राखा. तिसरे येईपर्यंत दुसऱ्यांचे शब्द नीट कानात शिरलेलेही नसतात. दहावीच्या मुलाची एका वर्षात तीन वेळा शिकवणी बदलली, तर निकालाचा दोष नेमका कुणाला द्यायचा? घरातली सून हाच प्रश्न विचारते तेव्हा नातू गप्प बसतो. त्याची शिकवणी दोनदा बदलली आहे ना!

यातही मरीन्ये यांची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. पुरुष संघाला नकोसे झालेले हे गृहस्थ टोकियोत महिला संघाबरोबर होते. पहिले तिन्ही सामने मुली हरल्या. पुढे त्यांनीच बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवले आणि भारतीय महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचली. माणूस तोच, फक्त संघ वेगळा आणि मिळालेला वेळ वेगळा.

दुखणे नेमके कुठे?

फुटबॉलवाल्यांकडेही असा दाखला आहे. मँचेस्टर युनायटेडकडे ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये आले. तीन वर्षे होऊनही हाती काही लागेना, तेव्हा चाहत्यांनी भर मैदानात फलक उभारून त्यांना निरोप देऊ केला होता. क्लबने धीर धरला. १९९० मध्ये पहिला चषक आला आणि २०१३ मध्ये ते स्वतःहून निवृत्त झाले तोवर १३ लीग विजेतेपदे जमा झाली होती. पण म्हणून प्रत्येक हरणाऱ्या प्रशिक्षकात फर्ग्युसन दडलेला असतो, असे समजणेही भाबडेपणाचेच. धीर धरूनही हाती काही न लागल्याची उदाहरणे कुणी लक्षात ठेवत नाही, एवढेच.

मग ठरवायचे कसे? याचे उत्तर झाशीच्या ध्यानचंद यांच्याच चरित्रात सापडते. १९३६ मध्ये ते कर्णधार म्हणून बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. या पराभवाने आपली झोप उडाली, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. पण तिथे कुणी डोकी उडवत बसले नाही. आघाडीच्या फळीत कोण कमी पडतो, हे पाहिले आणि अली दारा यांना पाठवा, असा निरोप मायदेशी धाडला. दारा उपांत्य सामन्याआधी येऊन पोहोचले. अंतिम सामन्यात भारताने त्याच जर्मनीला ८-१ असे हरवले.

आधी दुखणे शोधायचे आणि मग औषध. खेळाडू सुधारत आहेत का? ते गुरुजींचे अजून ऐकतात का? जे बिघडले, ते गुरुजींच्या हातातले होते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘नाही, नाही, होय’ अशी आली, तर बदल करायला हरकत नाही. तेव्हा उगाच जुन्या उपकारांची भीड धरली, तर संघाचेच नुकसान होते.

रीड यांनी अखेर ३० जानेवारी २०२३ रोजी स्वतःच राजीनामा दिला. जाण्याआधी, संघाला मानसिक तयारी करून घेणाऱ्या तज्ज्ञाची गरज आहे, असे ते बोलून दाखवत होते. त्यांच्या जागी क्रेग फुल्टन आले आणि त्याच वर्षी पॅडी अप्टन हे असे तज्ज्ञही आले. हांगझोऊला आशियाई सुवर्ण मिळाले, २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा ऑलिंपिक कांस्य. नातू म्हणतो, ‘‘बघा, बदलल्यावर जमलं की नाही!’’ आजोबा म्हणतात, ‘‘पाया कुणी घातला, ते विसरू नकोस.’’ दोघेही आपापल्या परीने खरेच बोलतात.

खुर्चीत आपलाच मुलगा

झाशीकरांसाठी या वादाला आता एक वेगळीच बाजू आली आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ एकही सामना न जिंकता बारावा, म्हणजे शेवटचा आला. त्या संघात झाशीचा तुषार खांडेकर होता. पुढे हाच खांडेकर ज्युनियर महिला संघाचा प्रशिक्षक झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मस्कतला त्याच्या मुलींनी चीनला शूटआउटमध्ये हरवून आशिया चषक जिंकला.

ज्या खुर्चीकडे पाहून इतकी वर्षे टपरीवरून ‘काढा, काढा’ अशी आरोळी दिली, त्याच प्रकारच्या खुर्चीत आपल्या गल्लीतला मुलगा बसला की आवाज आपोआप खाली येतो. ‘जरा वेळ द्या की त्याला’, असे शब्द तोंडून निघतात. परदेशातून आलेल्या गुरुजींच्याही गावी अशी वडीलधारी माणसे टीव्हीसमोर जीव मुठीत धरून बसलेली असतात. त्यांनाही तसेच वाटत असेल. गुरुजींना काढायचे की ठेवायचे, हे संघाचे हित पाहून ठरवावे. पण परक्यासाठी एक माप आणि घरच्यासाठी दुसरे असे मात्र नसावे.