किलोला पन्नास पैसे

आमच्या पेढीचा हळदीचा व्यापार तीन पिढ्यांचा. परंतु पेढीने स्वतःचा ट्रक कधी घेतला नाही. आजोबांचा त्याला विरोध होता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत शकटकर्म आणि भाटककर्म, म्हणजे गाड्यांचा धंदा व भाड्यावर उपजीविका, यांची गणना आहे, असे ते सांगत. लहानपणी मी त्यांना विचारले होते की, उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाकडे दूरच्या प्रवासासाठी पाचशे आणि माल वाहण्यासाठी पाचशे गाडे होते, त्याचे काय? ते म्हणाले, "ती त्याने स्वतःला घातलेली मर्यादा होती, आणि गाडे त्याच्या घरचे होते." माल मात्र आम्ही रोज दुसऱ्याच्या गाडीतून पाठवीत होतो. त्यातला विरोधाभास तेव्हा कोणालाच जाणवला नाही. मला तो जाणवायला साठी उलटावी लागली.

गेल्या हंगामात दिल्लीला अठरा टन हळद पाठवायची होती. दलालाने जत तालुक्यातील एक गाडीवाला आणला. दहा चाकी गाडी त्याची स्वतःची, आणि चालवणाराही तोच. त्याने टनाला ४,४०० रुपये भाडे सांगितले. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "परवाच राजस्थानच्या गाडीने ३,९०० मध्ये नेला." हे खरेच होते. तो थोडा वेळ पायरीवर बसून राहिला आणि म्हणाला, "भरा शेठ. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत न्हाई." टनामागे पाचशे, एकूण ९,००० रुपये वाचवल्याचे समाधान मला त्या रात्री झोपेपर्यंत पुरले.

पुढे दोन महिन्यांनी तो उरलेली रक्कम मागायला आला. दिल्लीत दोन पोती भिजलेली निघाली म्हणून पोच मिळूनही मी ७,००० रुपये अडकवून ठेवले होते. त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. मी सहज म्हणालो, "किलोमीटरला चव्वेचाळीस रुपये पडले तुम्हाला. वाईट काय त्यात?" त्याने खिशातून घामाने मऊ झालेली वही काढून माझ्यासमोर ठेवली. हिशेबात मुरलेले आमचे घराणे. परंतु इतका उघडा हिशेब मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

सांगली ते दिल्ली सोळाशे किलोमीटरच्या आसपास. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर जाते, म्हणजे चारशे लिटर डिझेल. ९१ च्या भावाने ३६,४०० रुपये. टोल ९,०००. त्याचे व क्लीनरचे खाणेपिणे आणि वाटेतले किरकोळ ३,५००. हमाली-वाराई २,०००, दलाली १,२००. टायरची झीज त्याने किलोमीटरला अडीच रुपये धरली होती, आणि ऑइल व दुरुस्ती एक रुपया. सारे मिळून ५७,७००, म्हणजे किलोमीटरला छत्तीस. चव्वेचाळीसातून छत्तीस गेले, आठ उरले. माझेच म्हणणे खरे ठरले, असे मला क्षणभर वाटले.

मग त्याने पान उलटले. दिल्लीत परतीच्या मालासाठी चार दिवस थांबावे लागले. मिळाला तो पुण्याकडचा माल, टनाला ३,००० ने; हातात आले ५४,०००. खर्च मात्र जवळजवळ तितकाच. येताना ३,७०० रुपयांचा तोटा. "मग घेतला कशाला?" मी विचारले. "मोकळी गाडी आणली असती तरी डिझेल-टोलला पस्तीस हजार गेलेच असते की, शेठ." अगदी बरोबर होते. घराकडे परतणाऱ्या गाडीला पडेल त्या भावाचा मालही फायद्याचाच असतो. कारण जो खर्च व्हायचा तो होणारच असतो.

आणि येथेच माझा मला धक्का बसला. ज्या राजस्थानच्या गाडीचा दाखला देऊन मी त्याचे भाडे पाडले, तिच्यासाठी सांगलीचे भाडे परतीचे होते. ती ३,९०० ला आनंदाने गेली असणार. तोच भाव मी याच्या जाण्याच्या खेपेला लावला. दिल्लीच्या व्यापाऱ्याने याच्या परतीला जे केले, ते मी आधीच करून ठेवले होते. असा दोन्ही टोकांनी परतीचाच भाव मिळू लागला, तर गाडी घरची म्हणायची तरी कशी?

जाऊन येऊन बारा दिवस लागले आणि ८,८०० रुपये उरले. त्याच्या गाडीचा हप्ता महिन्याला ४२,०००. बारा दिवसांचे १६,८००. तूट आठ हजारांची. मी घासाघीस करून वाचवलेले नऊ हजार आणि ही तूट मनात शेजारी शेजारी येऊन बसली. त्याची स्वतःची मजुरी त्या वहीत कुठेच नव्हती. (प्राप्तिकर कायद्यातील अनुमानित उत्पन्नाचा पर्याय घेतला, तर अशा जड गाडीमागे एकूण वजनाच्या दर टनाला महिना हजार रुपये उत्पन्न मानले जाते. अठ्ठावीस टनांच्या गाडीचे ते अठ्ठावीस हजार त्याने कधी पाहिले असतील की नाही, देव जाणे.)

"मग भागते कसे?" यावर तो फक्त हसला. ते हसू मला कळले. भागते ते जादा माल भरून आणि कमी झोपून. २०१८ साली केंद्राने तीन धुरांच्या गाडीची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन केली; पुढच्या वर्षी कायदा बदलून जादा भाराला २०,००० रुपये आणि वर दर टनाला २,००० असा दंड ठरवला. तरीही बावीस टन भरायला तयार असणारे असतात, आणि टनाचा भाव कमी पडतो म्हणून तसे भरून देणारे आम्ही असतो. अहिंसा-अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण येते. प्रतिक्रमणात मी ते पन्नास वर्षे म्हणत आलो, आणि दर वेळी डोळ्यांसमोर बैल आला. आमच्याकडे बैल नाही, म्हणून तो दोष आपल्याला लागत नाही, असे मी धरून चाललो होतो.

सात हजारांतून दोन पोत्यांचे जे खरे नुकसान होते ते वजा करून बाकी रक्कम मी त्याच दिवशी दिली. त्यावर त्याने आभार मानले, त्याचीच अधिक लाज वाटली.

मुलाला हे सारे सांगितले. तो म्हणाला, "पप्पा, आपण जास्त दिले आणि शेजारच्या पेढीने दिले नाही, तर आपला माल महाग पडेल." मी आकडा मांडून दाखवला. टनाला पाचशे म्हणजे किलोला पन्नास पैसे, तेही शंभराच्या वर भाव असलेल्या हळदीत. तो गप्प बसला. पण पटले असे काही म्हणाला नाही. त्याचेही अगदी चूक नाही; बाजारात पन्नास पैशांवरून सौदे फिरलेले मी पाहिले आहेत.

आता आम्ही दलालाला भाव विचारण्याआधी गाडी कुठली, हे विचारतो. गाडी घराकडे निघालेली असेल तर घासाघीस करतो. घरून निघालेली असेल तर चार हजारांच्या खाली बोलत नाही. मागल्या आठवड्यात जतचा तोच गाडीवाला आला. त्याने ४,३०० सांगितले. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि बिल्टीवर तोच आकडा लिहिला.